विश्लेषण : पाळीव टॅरेंटुलाच्या पेटीत आर्द्रता नेमकी किती हवी? हायग्रोमीटरच्या आकड्यामागे धावणे कोळ्याच्या जिवावर का बेतते?

कुत्रा-मांजरांच्या पलीकडे जाऊन इग्वाना, साप आणि टॅरेंटुला पाळण्याचा छंद भारतातल्या शहरांमध्येही पोहोचला आहे. टॅरेंटुलाला फिरायला न्यावे लागत नाही, तो आवाज करत नाही आणि आठवड्यातून एक-दोनदा खाऊ घातले तरी चालते. त्यामुळे ‘सर्वांत सोपा पाळीव प्राणी’ अशी त्याची जाहिरात केली जाते. प्रत्यक्षात त्याचे जगणे-मरणे बरेचसे एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे पेटीतला ओलावा. या ओलाव्याचे गणित काय, बाजारातले हायग्रोमीटर कितपत उपयोगी, महाराष्ट्रातल्या तीन ऋतूंत काय बदलावे लागते आणि हा प्राणी घरात ठेवण्याबाबत कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

विषय चर्चेत का?

टॅरेंटुलांच्या तस्करीच्या घटना गेल्या काही वर्षांत सातत्याने उघड होत आहेत. जुलै २०२१ मध्ये चेन्नई सीमाशुल्क विभागाने पोलंडहून आलेले एक टपाल पार्सल उघडले, तेव्हा थर्माकोलच्या खोक्यात चंदेरी कागद आणि कापसात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या १०७ कुप्या सापडल्या. प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी होता. हे कोळी मध्य व दक्षिण अमेरिका आणि मेक्सिकोतील टॅरेंटुला असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. आयात परवाना आणि आरोग्यविषयक कागदपत्रे नसल्याने ते जप्त करून पोलंडला परत पाठवण्यासाठी टपाल खात्याकडे सोपवण्यात आले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथील विमानतळावर एका दक्षिण कोरियन प्रवाशाच्या अंगाला बांधलेल्या छोट्या पिशव्यांतून ३२० टॅरेंटुला जप्त झाले. जुलै २०२५ मध्ये जर्मनीतील कोलोन-बॉन विमानतळावर व्हिएतनामहून आलेल्या केकच्या खोक्यांत सुमारे १,५०० लहान टॅरेंटुला आढळले. त्यातले बरेचसे वाटेतच मेले होते.

या बातम्या तस्करीपाशी संपतात. पकडले न गेलेले कोळी मात्र कुणाच्या तरी घरातल्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत पोहोचतात. तिथे त्यांचे काय होते, हे मालकाला ओलाव्याचे विज्ञान कितपत कळले आहे यावर ठरते.

आर्द्रता म्हणजे नेमके काय?

हवामानाच्या बातम्यांत ‘आर्द्रता ८५ टक्के’ असे म्हटले जाते, ती सापेक्ष आर्द्रता असते. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ सामावून घेऊ शकते, त्याच्या किती टक्के वाफ हवेत आहे, एवढेच हा आकडा सांगतो. हवेत प्रत्यक्षात किती पाणी आहे, ते तो सांगत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे २३ ग्रॅम वाफ सामावते. ३५ अंशांना हीच क्षमता ३९ ग्रॅमच्या पुढे जाते. समजा, २५ अंशांच्या खोलीत आर्द्रता ७० टक्के आहे. पेटीवर दिवा लावून आतले तापमान ३५ अंशांवर नेले आणि पाण्याचा एक थेंबही कमी केला नाही, तरी हायग्रोमीटर साधारण ४० टक्के दाखवेल. पाणी तेवढेच राहिले, पण हवेची तहान वाढली.

माठातल्या पाण्याचेही असेच आहे. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ गारेगार पाणी देतो, कारण हवा तहानलेली असते आणि ती माठाच्या अंगावरचे पाणी झपाट्याने शोषते. जुलैमध्ये कोकणात हाच माठ फारसा गार होत नाही, कारण हवेत आणखी वाफेला जागाच उरलेली नसते. कोळ्याचे शरीरही काही अंशी या माठासारखेच आहे. हवा जितकी तहानलेली, तितके त्याच्या शरीरातले पाणी लवकर उडते.

टॅरेंटुलाला पाण्याची इतकी गरज का असते?

टॅरेंटुलाच्या कवचावर मेणासारखा थर असतो. तो बऱ्याच अंशी पाणी अडवतो, पण पूर्णपणे नाही. शिवाय पोटाच्या खालच्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारखी रचना असलेल्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. श्वास घेताना या ओलसर पानांवरूनही पाणी बाहेर जाते.

दुसरे कारण त्याच्या चालण्यात आहे. माणसाच्या हाता-पायांत वाकवणारे आणि सरळ करणारे असे दोन्ही स्नायू असतात. कोळ्याच्या पायातल्या काही मुख्य सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय पसरतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उघडतो, तसाच हा प्रकार. शरीरातले पाणी कमी झाले की दाब घटतो आणि पाय आत वळू लागतात. मरणासन्न टॅरेंटुला मूठ आवळल्यासारखा पाय पोटाखाली घेतो, तो यामुळेच.

तिसरे आणि सर्वांत नाजूक कारण म्हणजे कात टाकणे. वाढ होण्यासाठी टॅरेंटुलाला जुने कवच सोडावे लागते. त्या वेळी जुन्या आणि नव्या कवचाच्या मधे द्रव तयार होतो आणि शरीरातल्या दाबाने जुने कवच फुटते. आधीच्या काही आठवड्यांत त्याच्या शरीरात पाणी कमी पडले असेल, तर पाय किंवा सुळे जुन्या कातीत अडकतात. यातून पाय गमावणे किंवा मृत्यू, दोन्ही घडू शकते.

पिल्लांना हा धोका जास्त असतो. आकार लहान झाला की वजनाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो आणि पाणी लवकर उडते. बोटाच्या पेराहून लहान पिल्लू प्रौढ कोळ्याइतके दिवस कोरड्यात तग धरू शकत नाही.

मग ‘८० टक्के आर्द्रता ठेवा’ हा सल्ला चुकीचा कसा?

टॅरेंटुला विकत घेताना बहुतेकदा एक आकडा सांगितला जातो : ‘या प्रजातीला ७० टक्के, त्या प्रजातीला ८० टक्के’. मग मालक रोज फवारणी करतो आणि आकडा खाली आला की घाबरतो. या सल्ल्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक जागेची. असे आकडे बहुतेकदा त्या भागातल्या मोकळ्या हवेचे असतात. टॅरेंटुला मात्र मोकळ्या हवेत राहत नाही. जमिनीत बीळ करणाऱ्या प्रजाती फूट-दीड फूट खाली राहतात. बाहेर दुपारी ऊन कडकडत असले तरी बिळाच्या तळाशी तापमान फारसे हलत नाही आणि माती दमट राहते. काही प्रजाती कोरड्या काळात बिळाचे तोंड माती आणि जाळ्याने बंदही करतात. झाडावरच्या प्रजाती ढोलीत किंवा सालीच्या फटीत राहतात. म्हणजे कोळी स्वतःला हवी ती आर्द्रता जागा बदलून निवडतो. एकाच आकड्याची पेटी त्याचा हा पर्याय काढून घेते.

दुसरी चूक गणिताची. ३० सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीची पेटी घेतली आणि तिच्यात १० सेंटिमीटर कोकोपीट भरले, तर वर सुमारे १८ लिटर हवा उरते. २५ अंशांना ही हवा अगदी १०० टक्के संपृक्त झाली, तरी तिच्यात जेमतेम ०.४ ग्रॅम पाणी मावते. म्हणजे ड्रॉपरचे आठ थेंब! या पेटीतली हवा जाळीतून सतत बदलत असते. त्यामुळे फवारणी केल्यावर आकडा उडी मारून ९० वर जातो आणि थोड्याच वेळात होता तिथे येतो.

त्याच पेटीतले नऊ लिटर कोकोपीट मात्र सहज काही शे मिलिलिटर पाणी धरून ठेवते आणि ते अनेक दिवस हळूहळू सोडते. थोडक्यात, पाण्याची टाकी जमिनीत आहे, हवेत नाही. म्हणून अनुभवी पालक हवेच्या टक्केवारीपेक्षा माती किती खोलवर ओली आहे आणि पाण्याची वाटी भरलेली आहे का, हे आधी पाहतात.

सर्व प्रजातींना सारखाच ओलावा लागतो का?

अजिबात नाही. छंदात लोकप्रिय असलेला मेक्सिकन रेड-नी, म्हणजे ब्रॅकिपेल्मा हॅमोरी, हा मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या कोलिमा, हलिस्को, मिचोआकान या भागांतला. तिथे वर्षातले बरेच महिने कोरडे असतात. प्रौढ रेड-नीला कोरडी माती आणि सतत भरलेली पाण्याची वाटी एवढे पुरते. माती ओली केली तर तो वाटीच्या कडेवर किंवा भिंतीवर चढून बसतो. ही त्याची तक्रारच असते.

याउलट उत्तर-दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनातला गोलायथ बर्डईटर, म्हणजे थेराफोसा ब्लाँडी. वजनाने जगातल्या सर्वांत मोठ्या कोळ्यांत त्याची गणना होते. याला खोल आणि कायम दमट माती लागते. ती वाळली तर कात टाकताना त्याला त्रास होतो.

तिसरा गट पिंक-टो, म्हणजे ॲव्हिक्युलेरिया. हेही वर्षावनातले, पण झाडावर राहणारे. दमट जंगलातला प्राणी म्हणून अनेक जण याची पेटी जवळजवळ हवाबंद करतात आणि रोज फवारणी करतात. या प्रजातीची पिल्ले मरण्यामागे हे एक नेहमीचे कारण असते. झाडाच्या उंचीवर वारा खेळता असतो. त्यामुळे त्यांना ओलाव्याइतकीच वाहती हवाही लागते.

भारत आणि श्रीलंकेतले पोइसिलोथेरिया वंशातले कोळीही ढोलीत राहतात. उन्हाळ्यात पाने झडणाऱ्या जंगलांत त्यांनाही कोरडा आणि ओला असे दोन्ही काळ सोसावे लागतात. ढोलीच्या तळाशी साचलेला पालापाचोळा हाच त्यांचा ओलाव्याचा साठा.

ओलावा टिकवण्याची योग्य पद्धत कोणती?

- मातीची खोली : बीळ करणाऱ्या प्रजातीला तिच्या पायांच्या पूर्ण पसाऱ्याएवढी तरी खोल माती द्यावी. खत न मिसळलेले कोकोपीट सर्वांत सोयीचे. शेतातली किंवा कुंडीतली माती कीटकनाशकाच्या भीतीने टाळावी. कोळी हा कीटक नसला तरी कीटकनाशके त्यालाही मारतात.

- पाणी कोपऱ्यातून : वरून फवारण्याऐवजी पेटीच्या एका कोपऱ्यातून हळूहळू पाणी ओतावे. ते तळाशी जाऊन पसरते. वरचा थर कोरडा आणि खालचा दमट राहतो. बुरशीला वरचा ओला थर आवडतो, कोळ्याला खालचा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर गोळा व्हावे, पण पाणी ठिबकू नये.

- अर्धी ओली, अर्धी कोरडी : पेटीची एकच बाजू दमट ठेवावी. कोळी कुठे बसतो, यावरून त्याला काय हवे ते कळते. सतत ओल्या बाजूला चिकटला तर पाणी वाढवावे, सतत भिंतीवर लटकला तर कमी करावे.

- पाण्याची वाटी : पिल्लाला बाटलीचे झाकण, प्रौढाला उथळ वाटी. त्यात स्पंज किंवा कापूस ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्यात जिवाणू वाढतात. टॅरेंटुला उथळ पाण्यात बुडत नाही, तो वाटीत तोंड टेकवून पाणी पितो.

- उरलेले खाद्य : कोळ्याने सोडलेला रातकिडा किंवा झुरळ २४ तासांत काढावे. दमट पेटीत बुरशी आणि माइट या सूक्ष्म किडींची सुरुवात इथूनच होते. बारमाही दमट पेटीत स्प्रिंगटेल हे बारीक जीव सोडले तर ते बुरशी खाऊन स्वच्छता राखतात.

जास्त ओलावा कमी ओलाव्यापेक्षा धोकादायक का?

कोरड्या पेटीतला प्रौढ टॅरेंटुला पाण्याची वाटी भरलेली असेल तर बराच काळ निभावून नेतो. त्याला तहान लागली की तो पितो. कोंदट आणि ओल्या पेटीवर मात्र त्याच्याकडे उपाय नाही. हवा न बदलल्याने बुरशी, जिवाणू आणि माइट वाढतात, पोटाखालच्या फुप्फुसांच्या फटींना सतत ओल लागते आणि कोळी तिथून बाहेर पडू शकत नाही.

म्हणून ओलावा वाढवण्यासाठी भोके बुजवणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो. भोके समोरासमोरच्या दोन बाजूंना, एक वर आणि एक खाली अशी असतील तर हवा आपोआप वाहते. ओलावा कमी पडत असेल तर माती जास्त खोल करावी किंवा पाणी जास्त घालावे, हवा कमी करू नये.

महाराष्ट्रातल्या ऋतूंनुसार काय बदलावे?

परदेशी मार्गदर्शक पुस्तिका हीटर लावलेल्या, बाराही महिने जवळपास सारख्याच हवेच्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. महाराष्ट्रात मात्र एकाच पेटीला वर्षात तीन वेगवेगळी हवामाने भेटतात.

पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि घाटमाथ्यावर हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. डब्यातले पापड सादळतात, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते. पेटीतही तेच होते. या काळात माती ओली करणे बहुतेक प्रजातींसाठी थांबवावे किंवा निम्म्याहून कमी करावे आणि वायुविजन वाढवावे. वाटीतले पाणी मात्र चालू ठेवावे.

उन्हाळ्यात विदर्भ, मराठवाडा, खानदेशात दुपारची आर्द्रता अनेकदा २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरते. वाटी दोन दिवसांत कोरडी पडू शकते, म्हणून ती रोज पाहावी. तरी इथे खरा शत्रू कोरडेपणा नसून तापमान आहे. बहुतेक टॅरेंटुला २० ते २८-३० अंशांत सुखी असतात. खोलीचे तापमान ३५ च्या पुढे राहू लागले की पेटी घराच्या आतल्या, सावलीतल्या खोलीत जमिनीलगत हलवावी. खिडकीत ऊन लागणारी काचेची पेटी तर भट्टीच होते. एअर कूलर खोलीत ओलावा वाढवतो, एसी तो काढून घेतो. त्यामुळे एसीच्या खोलीतली पेटी पावसाळ्यातही वाळू शकते.

हिवाळ्यात पुणे-नाशिकच्या रात्री थंड असतात, पण घरात तापमान सहसा टॅरेंटुलाला सोसेल इतके राहते. दिवा किंवा हीटिंग पॅड लावण्याची घाई करू नये. वर पाहिलेल्या गणितानुसार उष्णता दिली की पेटी आधी वाळते.

हायग्रोमीटरवर किती विश्वास ठेवावा?

काट्याचे स्वस्त हायग्रोमीटर दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतात. डिजिटल संवेदकांपैकी हौशी प्रकल्पांत वापरला जाणारा डीएचटी-११ उत्पादकाच्याच म्हणण्यानुसार पाच टक्के इकडेतिकडे दाखवू शकतो, डीएचटी-२२ थोडा अधिक अचूक आहे. मात्र दोन्ही झाकणाला चिकटवले तर ते झाकणाजवळची हवा मोजतात. कोळी बसतो तिथली नाही.

उपकरण तपासण्याचा घरगुती उपाय सोपा आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे. थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करावे, विरघळू देऊ नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून आठ ते बारा तास एका तापमानात ठेवावे. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. उपकरण ६८ दाखवत असेल तर ते सात टक्के कमी दाखवते, हे कळते. एवढे करूनही हा आकडा कल समजण्यासाठीच वापरावा. कालच्यापेक्षा आज वाळले की दमटले, एवढेच तो नीट सांगतो.

धोक्याची चिन्हे कोणती आणि काय करू नये?

पोट आकसून सुरकुतणे, चाल मंदावणे आणि पाय हळूहळू पोटाखाली वळणे ही पाणी कमी पडल्याची चिन्हे. अशा वेळी कोळ्याला हलक्या हाताने उथळ पाण्याच्या वाटीशी असे ठेवावे की तोंड पाण्याला लागेल, पण पोटाखालची फुप्फुसे पाण्यात जाणार नाहीत. तो पाणी पिऊ शकला तर काही तासांत पाय पुन्हा पसरू लागतात.

पाठीवर उताणा पडलेला टॅरेंटुला मात्र बहुतेकदा मेलेला नसतो, तो कात टाकत असतो. अनेक नवखे मालक इथेच घाबरून त्याला उलटवतात किंवा त्याच्यावर पाणी फवारतात. दोन्ही घातक. ही प्रक्रिया काही तास चालते आणि त्या काळात पेटीला हातही लावू नये. कातीसाठी लागणारे पाणी त्याआधीच्या आठवड्यांत मिळालेले असावे लागते. तो खाणे सोडतो, पोट गडद होते, तेव्हाच माती आणि वाटी तपासावी. कात टाकल्यावर सुळे कडक व्हायला वेळ लागतो. तोवर जिवंत रातकिडा पेटीत सोडू नये, तोच कोळ्याला कुरतडू शकतो.

टॅरेंटुला पाळणे कायदेशीर आहे का?

उत्तर प्रजातीवर आणि कागदपत्रांवर अवलंबून आहे. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ब्रॅकिपेल्मा हा वंश बऱ्याच काळापासून आहे. भारत आणि श्रीलंकेतला पोइसिलोथेरिया हा वंश २०१९ मध्ये त्यात समाविष्ट झाला.

भारतात वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्स यादीतल्या प्रजातींसाठी या कायद्यात चौथी अनुसूची आली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नोंदणीचे नियम जाहीर केले. त्यानुसार या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे, त्याने केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करणे बंधनकारक आहे. हस्तांतर, पिल्लांचा जन्म आणि मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते. परदेशातून जिवंत टॅरेंटुला आणायचा तर स्वतंत्र आयात परवाना लागतो. टपालाने मागवलेली कुपी या चौकटीत बसत नाही.

सर्वच टॅरेंटुला या यादीत नाहीत. म्हणून ‘ब्लू टॅरेंटुला’ किंवा ‘रेड-नी’ अशा बाजारी नावावर न थांबता शास्त्रीय नाव आणि प्राणी कुठून आला याचा कागद मागणे हाच घेणाऱ्याचा पहिला बचाव आहे. विक्रेता तो देत नसेल तर पेटी, कोकोपीट, हायग्रोमीटर या पुढच्या गोष्टींचा प्रश्नच उद्भवत नाही.

सह्याद्रीतला कोळी घरी आणला तर?

पश्चिम घाट हे टॅरेंटुलांचे घर आहे. रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करणारे थ्रिग्मोपियस, चिलोब्रॅकिस आणि झाडांच्या ढोलीतले पोइसिलोथेरिया असे अनेक वंश इथे आढळतात. पावसाळी सहलीत असा कोळी दिसला की तो डब्यात घालून नेण्याचा मोह काहींना होतो. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून परवानगीशिवाय वन्यजीव उचलणे हा गुन्हा आहेच. शिवाय आशियातल्या या कोळ्यांचा दंश अमेरिकेतल्या प्रजातींपेक्षा जास्त त्रासदायक असतो. पोइसिलोथेरियाच्या दंशानंतर तीव्र स्नायूपेटके येतात.

नुकसान एका कोळ्यापुरते राहत नाही. टॅरेंटुलाच्या माद्या उशिरा वयात येतात आणि अनेक प्रजातींत दशकभराहून जास्त जगतात. प्रौढ नर मात्र फार काळ जगत नाहीत. एका दरडीतून चार-पाच प्रौढ माद्या उचलल्या की ती वस्ती सावरायला वर्षे लागतात.

आंध्र प्रदेशातला निळा टॅरेंटुला, पोइसिलोथेरिया मेटॅलिका, याचे उदाहरण समोर आहे. १८९९ मध्ये गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन झाले. तो लाकडांबरोबर तिथे आला असावा, असे मानले जाते. कारण त्याचे खरे घर गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या पानझडी जंगलात आढळले. २००८ मध्ये आययूसीएनने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. त्याचा अधिवास १०० चौरस किलोमीटरपेक्षाही लहान आहे आणि तिथली जुनी, ढोली असलेली झाडे सरपण आणि लाकडासाठी तुटत आहेत. जगभरातल्या छांदिष्टांच्या पेट्यांत मात्र या निळ्या कोळ्याची पैदास होते आहे.

पेटीतला ओलावा चुकला तर मालक पाण्याचा तांब्या घेऊन तो सुधारू शकतो. नंद्यालच्या जंगलातल्या ढोलीत मात्र हे काम झाडाचे जाड खोड आणि आत साचलेला पालापाचोळा करतात. ते झाड तुटले की तिथल्या कोळ्याला जायला दुसरी जागा फारशी उरत नाही.